चाकाचा नियम

सगळ्यांची क्षमा मागायचा क्षमावणीचा सण झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दारात नवीकोरी मोटार उभी होती, आणि घरातला थोरला माणूस पायात वहाणा सरकवून अठ्ठावीस मैल चालत निघाला होता. आता याला काय म्हणायचं? शेजारच्या घरातली माणसं 'दैव देतं आणि कर्म नेतं' असं म्हणून मोकळी झाली होती.

शांतिनाथ मघापासून मोटारीची काच पुसत होता. पुसून पुसून काच संपायची पाळी आली, तरी त्याचा हात थांबेना. आठ वर्षं नंबर लावून बसल्यावर ही फियाट मिळाली होती, ऐन मृगाच्या तोंडावर. पहिले आठ दिवस त्याचे वडील तवनाप्पा तिच्यातून खाली उतरले नव्हते. मळ्यात जायला मोटार, बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, देवदर्शनाला मोटार, न्हाव्याकडं मोटार. दाढी झाली की तुकतुकीत गालांनी पुन्हा एक फेरी. वय अडुसष्ट, पण काचेतून हात बाहेर काढून बसलेले आप्पा बघितले की लहान पोरांनासुद्धा हसू यायचं.

मग चातुर्मासाला मुनिमहाराज आले. भर सभेत त्यांनी सांगितलं, ज्याच्यात जीव अडकलाय अशी एक वस्तू चार महिने सोडा. कुणी गूळ सोडला, कुणी चहा सोडला. एका पठ्ठ्यानं कारलं सोडलं, त्याला महाराजांनी खाली बसवलं. आप्पा उठले, हात जोडले आणि म्हणाले, "दिवाळीपतोर चाकावर बसणार न्हाई, महाराज."

सोडायची होती मोटार. बोलण्याच्या भरात सगळी चाकंच सोडून बसले. एस्टी गेली, बैलगाडी गेली, सायकल गेली, मिरजेहून पंढरपूरला जाणारी छोटी आगगाडीसुद्धा गेली. एकदा घेतलेला नियम काही उधारीचा माल नव्हे, परत करायला.

"आप्पा, महाराजांना सांगून नियम थोडा सैल करून घ्या की," शांतिनाथ म्हणाला. "पेट्रोल कितीबी म्हाग होऊ दे, मी घालतो. तासाभरात कवठे महांकाळ. अक्काला भेटा, क्षमा मागा, दुपारच्या जेवणाला घरी."

"त्येच तर चुकलं." आप्पा कमरेला उपरणं बांधत होते. "गेल्या साली एस्टीनं गेलो तिच्याकडं. बसलो, पाणी प्यालो, आणि परतीच्या एस्टीची येळ झाली म्हणून उठलो. विजी काय बोलली न्हाई, मी काय इचारलं न्हाई. दोन वर्सं झाली, लेक पंचमीला येत न्हाई. काय चुकलंय मला ठावं न्हाई. पण चुकलंय. तिच्या तोंडावर दिसतंय."

"मग आजच कशाला? दिवाळी झाल्यावर जाऊ."

"आरं, काल सगळ्या गावाची क्षमा मागितली मी. बांधाला बांध असलेल्याची मागितली. आन् पोटच्या लेकीची दिवाळीनंतर?"

वरच्या पायरीवर त्रिशला सायकलची साखळी पुसत बसली होती. ही शांतिनाथची थोरली लेक, सांगलीच्या कॉलेजात जाणारी. पूर्वी एस्टीच्या थांब्यावर तास तास उभी राहायची. आजोबांनी नियम घेतल्यापासून तिनं चुलत्याची जुनी सायकल काढली होती, आणि तिचं बघून गल्लीतल्या आणखी दोघी सायकलवरून जायला लागल्या होत्या. आजोबांचा आणि नातीचा पक्ष एक झाल्यामुळं शांतिनाथ घरात एकटा पडला होता.

"बाबा, जाऊ द्या की त्यांना," त्रिशला म्हणाली. "मोटारीखाली पावसाळ्यात किती किडामुंगी मरते, सांगा बघू. महाराज उगीच नाहीत एका जागी थांबत."

"तू गप. तुझ्या सायकलीखाली काय मुंग्या मरत न्हाईत?"

"कमी मरतात," त्रिशला म्हणाली आणि आप्पा खो खो हसले.

शांतिनाथची बायको गुणमाला उंबऱ्यात उभी होती. दशम्यांचं गाठोडं तिच्या हातात होतं आणि बोलणं चाललं होतं त्यातला शब्द न् शब्द तिच्या पोटात उतरत होता. इतके दिवस ती नवऱ्याच्या बाजूनं होती. मामंजींनी चालत जाऊ नये, मोटारीनंही जाऊ नये, खरं तर जाऊच नये, असं तिला वाटत होतं. तेवढ्यात शांतिनाथनं फडकं खांद्यावर टाकलं आणि म्हणाला, "ठरलं तर मग. तुमी चाला. मी आत्ता मोटार काढतो, अक्काला आत बसवतो आन् तुमी मिरजेची वेस ओलांडायच्या आत तिलाच तुमच्या म्होरं आणून उभी करतो. रस्त्यात मागा क्षमा. नियमबी राहिला, पायबी राहिले."

आप्पा विचारात पडले. पर्याय वाईट नव्हता.

गुणमालेनं गाठोड्याची गाठ सोडून पुन्हा बांधली. तासाभराच्या मोटारीत बहीण-भाऊ शेजारी शेजारी बसणार. अक्का विचारणार, 'शांतिनाथ, माझं पत्र आलं तवा का आला न्हाईस?' आणि तो म्हणणार, 'कुठलं पत्र?'

पत्र आलं होतं. बहात्तरच्या दुष्काळात, चैत्रात. साधं कार्ड. 'आप्पांना साष्टांग नमस्कार. इकडे विहिरी आटल्या. शांतिनाथला धाडावे. पोरांना घेऊन पावसापर्यंत येते.' ते गुणमालेच्याच हातात पडलं, घरात दुसरं कुणी नव्हतं. सासू जाऊन वर्ष झालं होतं. लग्नाला अठरा वर्षं झाल्यावर पहिल्यांदा चूल तिची झाली होती. अक्का आली की मीठ अक्काच्या हातचं, सण अक्काच्या मनासारखा, आणि गुणमाला पुन्हा पाणी शेंदणारी. उद्या सांगू, म्हणून तिनं कार्ड ट्रंकेच्या तळाला ठेवलं. उद्याचा परवा झाला. आठ दिवस गेल्यावर आता इतके दिवस का दडवलं म्हणून सांगायची लाज वाटली. पंधराव्या दिवशी तिनं ते चुलीत घातलं. अक्कानं दुसरं पत्र टाकलं नाही. ती मानी होती. माहेराला एकदाच हाक मारायची, ही तिची रीत.

"मोटार न्यायची न्हाई," गुणमाला एकदम म्हणाली.

सगळे तिच्याकडं बघायला लागले. ही बाई सासऱ्यासमोर कधी इतक्या मोठ्यानं बोलली नव्हती.

"क्षमा मागायला आपण जायाचं असतं. अक्कांना आणवायचं म्हंजे काय? मामंजी चालत जाणार, आन् मीबी त्यांच्यासंगं जाणार. वाटेत त्यांच्या जेवणाचं, गाळलेल्या पाण्याचं कोण बघणार?"

आप्पांचे डोळे भरून आले. "बघ शांतिनाथ," ते म्हणाले, "ही खरी घरची लक्ष्मी."

गुणमालेला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तिला धर्म सुचला नव्हता, दोन दिवस हवे होते. मोटार तासात पोचली असती. पायांनी दोन दिवस लागतील. फाशी तीच, पण दोन दिवसांनी.

निघाली दोघं. पहिला मैलभर शांतिनाथ मोटार घेऊन मागं मागं आला. पहिल्या गिअरात, घुर्र घुर्र करत. आप्पा थांबले, मागं वळले.

"काय रं, रेडकू मागं लागल्यागत काय येतोयस?"

"दमलात तर असावी म्हणून."

"मी दमेन तवा दमेन, ती आत्ताच धापा टाकाय लागलीया. घरला जा. आन् उद्यापासनं मळ्याकडं चालत जात जा, पोट बघ कुठं गेलंय."

मोटार वळली. तिचा धूर खाली बसला आणि मग वाट शांत झाली. इतकी शांत, की गुणमालेला आपल्या जोडव्यांचा आवाज ऐकू यायला लागला.

मिरज मागं पडली. भाद्रपदातलं ऊन नुकतं कुठं पिवळं व्हायला लागलं होतं. पानमळ्यांच्या कडेनं वाट जात होती आणि आत शेवरीच्या सावलीत हिरवा, ओला अंधार साठून राहिला होता. पाटाचं पाणी दिसत नव्हतं, पण कुठंतरी बोलत होतं. ज्वारी पोटरीला आली होती. वारा आला की रानच्या रान एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळायचं आणि पुन्हा निजायचं. चालता चालता गुणमालेला वाटायला लागलं, आपण जागे नाही. आपण लहान आहोत, बापाच्या मागनं जत्रेला चाललोय, आणि पुढं चाललेलं ते पांढरं उपरणं बापाचंच आहे.

"ही इहीर बघितलीस?" आप्पा म्हणायचे. "ह्या वाटंनं मी चाळीस वर्सं येतोय जातोय. एस्टीत बसून कवा दिसली न्हाई. नियम घेतला तवा पयल्यांदा कळलं, माझ्या स्वतःच्या मळ्याच्या वाटंवर कवठाची तीन झाडं हायती. तीन! पोरी, मला दोनच ठावं हुती."

रस्त्यात भेटेल त्याला ते थांबवत. मोटारसायकलवरचा एक ओळखीचा अडत्या थांबला. म्हणाला, "आवं आप्पा, बसा मागं, सोडतो."

"तूच उतर की खाली," आप्पा म्हणाले. "कुठं निघालास?"

"हितं, म्होरच्या वस्तीवर."

"ते काय झाडाखाली दिसतंय ते? आरं, तितक्यासाठी एवढा मोठा आवाज? ढकलत चल आमच्यासंगं, चार गोष्टी होतील."

आणि काय सांगावं, तो उतरला. मोटारसायकल हातानं ढकलत वस्तीपर्यंत आला, लेकीच्या लग्नाचं सगळं सांगितलं आणि जाताना उगीचच बरं वाटल्यासारखा हसला. गुणमाला हे सगळं बघत होती. मामंजी नियम पाळत नव्हते, चैन करत होते.

एकदा दोनदा तिनं तोंड उघडलं. "मामंजी..."

"काय गं?"

"काय न्हाई. पाणी देऊ?"

दिवस कलायच्या आत त्यांनी भोसे गाठलं. ओळखीच्या घरी पाणी तापवून घेतलं, सूर्य असेतोवर दशम्या खाल्ल्या. दंडोबाच्या डोंगरावरून सावली हळूहळू उतरत गावावर आली. आप्पांनी पाय पसरले आणि म्हणाले, "गुणमाला, एक सांगू? विजीची आई गेल्यापासनं माझ्यासंगं दिवसभर कुणी बोललं न्हवतं. मोटारीत सगळी म्होरं बघत्यात." इतक्या मायेनं बोलणाऱ्या माणसाला काय सांगायचं आणि कसं, या विचारातच तिचा डोळा लागला.

दुसऱ्या दिवशी मुलूख बदलला. ऊस संपला, हळद संपली. उघडी, तांबूस माळरानं लागली. बाभळी लांब लांब उभ्या. आभाळ इतकं मोठं, की दोन माणसं चाललीत हे कुणाच्या लक्षातही येऊ नये. पाय आपोआप पडत होते. मैलाचे दगड येत होते आणि जात होते, आणि प्रत्येक दगडाला गुणमाला मनाशी म्हणत होती, पुढच्या दगडापाशी सांगते.

शिरढोण ओलांडल्यावर रस्ता रुंद झाला. कडेच्या शेतात एक म्हातारी बाई मटकी भांगलत होती. म्हातारं माणूस उन्हातनं येताना बघून ती खुरपं टाकून उठली. तिचं नाव हरणाबाई. लिंबाखाली तिचा माठ होता. गुणमालेनं पाणी गाळायला पदराची घडी पुढं केली, तशी हरणाबाई हसली.

"जैनाची दिसताय. आमच्या टोळीत एक बाई हुती तुमच्यातली. अशीच पाणी गाळून प्यायची. दुस्काळात, बगा. रांजणात बोटभर पानी, तेबी गढूळ, तरी गाळल्याबिगर घोट घ्यायची न्हाई."

"कसली टोळी?" आप्पांनी विचारलं.

"खडी फोडायची. ह्यो रस्ता दुस्काळी कामावर आमीच केला न्हवं. हितनं त्या वढ्यापतोर दोन मैल आमची टोळी. ती विजयमाला लय नाजूक. बोटाला चिंध्या बांधायची, तरी रगत यायचं. मोठ्या घरची, पर काय करती, पोरं उपाशी ठिवायची का?"

आप्पांच्या हातातला तांब्या तसाच राहिला. गुणमालेनं खाली बघितलं. तिच्या पायाखाली बारीक, काळी, टोकदार खडी होती. कडेचं डांबर उखडून ती वर आली होती.

हरणाबाईला काही कळलं नव्हतं. तिला फार दिवसांनी ऐकणारी माणसं भेटली होती.

"सारखी वाटंकडं बघायची. भावाला पत्तर टाकलंय म्हनायची, भाऊ येनार. मोटारीचा आवाज आला की हातातला हातोडा ठिवून हुबी ऱ्हायची. एस्टी आली की हुबी, टरक आला की हुबी. मुकादम वरडायचा. आमी हसायचो बी, पाप लागंल आमाला. तीन महिनं बाई हुबी ऱ्हात हुती. मग पाऊस पडला."

"पत्र?" आप्पा म्हणाले. "मला न्हाई आलं पत्र." मग ते गुणमालेकडं वळले, अगदी भाबडेपणानं. "गुणमाला, आलं हुतं गं पत्र?"

वारा नव्हता. लिंबाचं एक पानही हलत नव्हतं.

"आलं हुतं," गुणमाला म्हणाली. "मी दडवलं. मग चुलीत घातलं." आणि एकदा बांध फुटल्यावर ती सगळं बोलली. चूल, मीठ, पाणी शेंदणं, ट्रंक, पंधरा दिवस. कालची गोष्टसुद्धा, मोटार का नको म्हणाली ती. "मला वाटलं, महिनाभर कळ काढतील. ह्ये मला ठावं न्हवतं, मामंजी. अक्का रस्त्यावर... ह्ये खरंच ठावं न्हवतं." ती त्या धुळीतच खाली बसली आणि आप्पांच्या पायांना हात लावायला गेली.

आप्पांनी पाय मागं घेतले.

"क्षमा माझ्याकडं मागू नगंस," ते म्हणाले. त्यांचा आवाज फार म्हातारा झाला होता. "ती माझ्याकडं न्हाई. जिची तिच्याकडं माग."

त्यांनी तांब्या खाली ठेवला, हरणाबाईला हात जोडले आणि वहाणा काढून हातात घेतल्या. टोळीच्या त्या दोन मैलांवरून ते अनवाणी चालत गेले. गुणमालेनंही चपला काढल्या. खडी टोचत होती. पुढं चाललेलं पांढरं उपरणं एकदाही मागं वळलं नाही, पण अंतर वाढलं की ते थांबायचं आणि ती जवळ आल्यावर पुन्हा चालायला लागायचं.

अक्काचं घर गावाच्या अलीकडं वस्तीवर होतं. दार लावलेलं. आप्पांनी हाक मारली, "विजे..."

दार उघडलं. दोन वर्षांत अक्काचे केस कानांपाशी पिकले होते. तिनं बापाकडं बघितलं, मग त्यांच्या मागं रस्त्याकडं बघितलं.

"मोटार कुठाय? दारात मोटार आलीय म्हणं तुमच्या."

"चालत आलो."

"चालत? घरापासनं?"

"व्हय."

अक्कानं दाराची दुसरी फळी उघडली. "बरं केलंत," ती म्हणाली. "मोटारीनं आला असता तर दार उघडलं नसतं. मोटारीच्या आवाजाला मी आताशा उठत न्हाई."

ती आत गेली आणि चुलीवरचं ऊन पाणी घंगाळात घेऊन आली. बापाला ओट्यावर बसवून तिनं त्यांचे पाय धुतले. आप्पा रडत होते. मग अक्कानं गुणमालेला बसायची खूण केली.

"नको अक्का. मी धुते माझे."

"रगत आलंय. बस."

अक्कानं तिचा उजवा पाय हातात घेतला. तिच्या बोटांची कातडी जागोजागी जाड, खरबरीत झाली होती. तळव्यात रुतलेला एक बारका खडा ती नखानं काढायला लागली, आणि गुणमाला म्हणाली, "अक्का, तुमचं पत्र आलं हुतं. मी कुणाला दाखवलं न्हाई. मी जाळलं. आप्पांना, ह्यांना, कुणाला काय ठावं न्हवतं."

अक्काचा हात थांबला. पाय तिच्या हातातच होता. घंगाळातल्या पाण्यावर वाफ होती, ती हळूहळू विरत गेली. माळावरून एक ट्रक गेला, लांबूनच. त्याचा आवाज येऊन विरेपर्यंत तिघांपैकी कुणी हललं नाही.

"तीन महिनं, गुणमाला," अक्का म्हणाली. "पोरं इचारायची, मामा कवा येनार. मी रोज उद्या म्हणायची."

"व्हय अक्का."

"मला वाटलं, आप्पांना मी नकोशी झाले."

गुणमालेला हुंदका आवरेना. क्षमा हा शब्द काही केल्या तिच्या तोंडून बाहेर पडेना. अक्कानं मान वर केली नाही. तिनं तो खडा काढला, बोटाच्या टोकावर धरून क्षणभर बघितला आणि अंगणात टाकून दिला. पायावर पाणी ओतलं, पदरानं पुसलं आणि खाली ठेवला.

"दुसरा पाय दे," ती म्हणाली.